प्रेस घेऊ नका, आधी कुंद्याचं खोकं उलगडा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: "मला प्रिंट काढायला शिकायचंय. चित्रं साधी, मोजक्या रेषांची हवीत. दोन-तीन वेळा पुठ्ठ्यावर कोरून पोस्टर कलरने छापून बघितलं, पण सगळं लडबडतं, नाहीतर अर्धवट उठतं. हजारेक रुपयांत छोटा प्रेस करून घ्यावा का? घरातल्या वस्तूंवर किती लांब जाता येईल? आणि पाचवी-सहावीच्या मुलांकडून हे करून घेता येईल का?"

बाई, प्रेस घेऊ नका. या वर्षी तरी नकोच. हजार रुपयांत जे मिळेल ते दोन वाकडे पाईप आणि एक हँडल, आणि ते सरळ करण्यात तुमची हौस संपून जाईल. शिवाय तुमचं लडबडतंय ते प्रेस नाही म्हणून नव्हे. शाईमुळे लडबडतंय.

बेळगावच्या शहापुरात आमचा ट्रेडलचा, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईच्या मशीनचा, छापखाना होता. वडील लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, नाटकाची हँडबिलं छापायचे. मशीनच्या वरच्या गोल चकतीवर शाई पसरायची, रोलर तिच्यावरून जायचे. वडील चकतीकडे फारसं बघायचेच नाहीत, ऐकायचे. शाई बेताची असली की रोलर 'चर्र' असा कोरडा, बारीक आवाज करतो. जास्त झाली की तोच आवाज चपचपीत होतो, चिखलात चप्पल उचलल्यासारखा. ट्रेडल भंगारात गेली त्याला वीस-बावीस वर्षं झाली, मी अजून शाई कानानेच मोजतो.

तुम्हीही तेच करून बघा. जुन्या फोटोफ्रेमची काच घ्या, कडा पॉलिश पेपरने घासून बोथट करा. काचेवर वाटाण्याएवढीच शाई ठेवा आणि रोलर उभा-आडवा फिरवत राहा. आधी चपचप येईल, मग चर्र. पृष्ठभाग मखमलीसारखा दिसला की थांबा. संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसत असतील तर शाई जास्त आहे, थोडी कागदावर उतरवून टाका. शिकाऊ माणसाची दहातली आठ प्रिंटं शाई जास्त झाल्याने बिघडतात, कमी झाल्याने नव्हे. फिकी आलेली प्रिंट निदान बघण्यासारखी तरी असते.

रोलर विकत आणायचीही गडबड नको. लाटण्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवा. साबणाचं पाणी लावलं की सरकते. ट्यूबवर साच्याची एक बारीक उंच रेघ असते, ती आधी पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर प्रत्येक फेऱ्यात तीच रेघ उमटेल आणि तुम्ही प्लेटमध्ये, म्हणजे ज्यावरून छापायचं त्या पुठ्ठ्यात, दोष शोधत बसाल. (मी बसलोय, पूर्ण एक रविवार.) हे लाटणं पोळ्यांना परत वापरायचं नाही, हे सांगायला नको.

आता शाई कुठली? पोस्टर कलर नुसता वापरला तर पातळ असतो आणि पुठ्ठ्यात मुरतो. काठाशी साचतो, मधे कोरडा पडतो. त्यात तांदळाच्या पिठाची खळ घाला. कपभर पाण्यात चमचाभर पीठ, काचेसारखं पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं, गार करून गाळायचं. चार भाग रंगाला एक भाग खळ. जपानी लाकडी ठशांत शतकानुशतकं हेच चालत आलं आहे: पाण्यातला रंग, भाताची खळ, आणि दाब प्रेसचा नव्हे तर हाताचा. हातात धरायच्या चकतीला बॅरन म्हणतात. तिच्यावर बांबूच्या कोंबाचं आवरण ताणून बांधलेलं असतं. आपल्याकडे बॅरन म्हणजे स्टीलचा डाव किंवा मोठा चमचा, त्याची पाठ. उन्हाळ्यात रंग काचेवरच सुकायला लागला तर दोन-तीन थेंब ग्लिसरीन टाका.

दुसरी शाई ऑफसेटची. बेळगावात छपाईवाल्यांची कमी नाही. एखाद्या ओळखीच्याला म्हणावं, डबीभर काळी द्या. डब्यावर साय धरलेली असते. ती ढवळून आत मिसळू नका, बाजूला सारून खालची घ्या, नाहीतर सायीचे कण प्रिंटभर पांढरे ठिपके पाडतात. फारच घट्ट वाटली तर जवसाच्या तेलाचे दोन थेंब. ही शाई मूळची तीच, काजळी आणि शिजवून दाट केलेलं जवसाचं तेल. आत्ताच्या डब्यात त्याच्यावर रसायनं आली एवढंच. साफ करायला रॉकेल, टर्पेंटाइन घरात नको. आधी स्वस्त खाद्यतेलाने पुसायचं, मग भांड्याचा साबण.

प्लेटचं बघू. बेळगावातल्या कुठल्याही घरात कुंद्याचं, म्हणजे इथल्या मिठाईचं, रिकामं खोकं असतंच. एक घ्या आणि न फाडता, चिकटवलेले कोपरे सोडवून पूर्ण उलगडा. मधे चौकोन, चार बाजूंना चार पाळ्या, कोपऱ्यांत लहान जिभा. आतल्या बाजूला तुपाचे डाग असतील तर ते खोकं बाजूला ठेवा, तूप मुरलेल्या जागी शाई धरत नाही. गुळगुळीत छापील बाजू वर ठेवून तिच्यावर राखाडी शाईचा पातळ हात फिरवा, वर कागद ठेवा आणि घासा. काही न कोरता काय येतं ते बघा: राखाडी चौकोन, त्याला जोडलेल्या पाळ्या, आणि सगळ्या घड्यांच्या जागी बारीक पांढऱ्या रेषा, कारण घडीशी पुठ्ठा खोल असतो, तिथे रोलर टेकत नाही. माझ्या टेबलासमोर अशी एक प्रिंट लावलेली आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, हा कुणाच्या घराचा प्लॅन?

इथून पुढे एकाच गोष्टीची भर घाला. रिकाम्या बॉलपेनने दाबून एक रेघ ओढा, ती पांढरी येईल. किंवा कटरने वरचा पापुद्रा हलकेच कापून एवढासा तुकडा सोला. आतला खरबरीत पुठ्ठा वेगळी शाई धरतो, त्यामुळे तिथे ठिपक्यांचा करडा पोत मिळतो. पुठ्ठा (दुकानात 'रट्टु' म्हटलं तरी देतात) लवकर भिजतो, म्हणून चार-पाचपेक्षा जास्त प्रिंटं हवी असतील तर दोन्ही बाजूंना चपडा लाखेचा हात द्या. सुतार ज्याने पॉलिश करतात ती, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. एकाच बाजूला लावलीत तर पुठ्ठा पापडासारखा वळतो. लाख लावूनही आठ-दहा प्रिंटांनंतर कडा बसायला लागतात. मग ते खोकं रद्दीत.

टाकाऊ वस्तूंवर मोठं काम होत नाही असं कुणी म्हटलं तर झरिना हाश्मींचं (१९३७–२०२०) नाव सांगा. अलीगढचा जन्म, शिक्षण गणिताचं, नंतर पॅरिसमध्ये हेटर यांच्या आतेलिए १७ या कार्यशाळेत प्रिंटमेकिंग. सुरुवातीच्या काळात त्यांनी लाकडाचे सापडलेले तुकडेच एकमेकांशेजारी मांडून, शाई लावून छापले. चित्र म्हणजे त्या लाकडाचे रेषे. पुढे घराचे नकाशे आले, घर या विषयावरची १९९९ सालची छत्तीस वूडकटांची (लाकूड कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका आली, आणि २००१ मध्ये फाळणीची सीमारेषा, कागदभर नुसती एक काळी वेडीवाकडी रेघ. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ते चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर, मशीनच्या पॅकिंगच्या खोक्यांना येणारी पाईनची फळी मागून आणा. सागवान नको, त्याचे रेषे फार शहाणे असतात. पाईनची मऊ पट्टी तारेच्या ब्रशने झिजते आणि कडक पट्टी उभी राहते. रेषांच्या दिशेनेच दहा मिनिटं घासा, पुसा, शाई लावा. खिळ्याचं भोक असेल तर सोन्याहून पिवळं, चंद्र आयता मिळतो.

तुम्ही 'साधी, मोजक्या रेषांची' असं लिहिलंय, त्यावर थोडं थांबतो. मोजकं चित्र सोपं, असं वाटतं. ते उलट आहे. वडाचं झाड कोरलंत, पाचशे पानं काढलीत, तर एखाद्या डागाला पानांत लपायला जागा असते. एकच रेघ आणि बाकी कोरा कागद असला की अंगठ्याचा ठसा पहिल्यांदा दिसतो आणि रेघ नंतर. म्हणून मोजक्या चित्रात निम्मं काम कोऱ्या जागेचं. कागद हाताने धरायचाच नाही. जाड कागदाच्या दोन पट्ट्या दुमडून चिमटे करा आणि त्यांनीच उचला. प्लेटच्या कडा प्रत्येक वेळी पुसा. टेबलावर पुठ्ठ्याचे दोन काटकोन चिकटवा, एक प्लेटसाठी, एक कागदासाठी, म्हणजे प्रत्येक प्रिंटचा समास सारखा येतो. समास सढळ सोडा, खालचा वरच्यापेक्षा थोडा जास्त. आणि आकार पोस्टकार्डाएवढाच ठेवा. चमच्याने घासून हातभर काळा भाग सलग उठवायला माझ्या खांद्यालाही जमत नाही. हाताचा दाब थोडा असतो, म्हणून चित्र लहान आणि मोजकं राहतं. ती शैली मी काही ठरवून घेतलेली नाही.

यात इथली एक अडचण आहे, ती सांगून ठेवतो. चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांमुळे बेळगावची नजर व्यक्तिचित्रावर आणि निसर्गचित्रावर तयार झाली. रवी परांजपे त्याच तालमीतले. फार मोठी परंपरा आहे, मीही तिच्यातच वाढलो. पण त्यामुळे कोरा कागद दिसला की आपल्याकडे लोकांना काम अर्धं राहिल्यासारखं वाटतं. माझ्या शेजाऱ्यांनी एकदा माझी प्रिंट बराच वेळ बघितली, रेघ एक आणि तिच्याखाली ठिपका एक, आणि प्रेमाने म्हणाले, "छान होईल की ओ, पुरी झाल्यावर दाखवा." मनाला लावून घेऊ नका. चहा द्यायचा.

घासायची रीत: कागद पातळ हवा. सरावाला झेरॉक्सचा कागद चालतो. चांगल्या प्रिंटला मी जुन्या कीर्दवह्यांची कोरी पानं वापरतो, पातळ असून चिवट असतात. हस्तकलेच्या दुकानात नेपाळी कागद मिळाला तर त्याच्यासारखा नाही. वर बटर पेपर ठेवा, म्हणजे चमच्याने कागद फाटत नाही. मधून बाहेर, लहान लहान गोल. एक कोपरा दाबून धरून दुसरा उचलून बघा, फिकं असेल तिथे परत घासा. प्रेसवाल्याला ही सोय नाही, त्याला एकदाच संधी.

यानंतर, महिना-दोन महिन्यांनी, टेट्रापॅक. दुधाच्या पिशवीचा उपयोग नाही, ज्यूसचं किंवा ताकाचं खोकं हवं. कापून उलगडा, साबणाने नीट धुवा (न धुतलेलं तीन दिवसांनी घरच्यांसकट तुम्हाला बाहेर काढेल), आणि चंदेरी बाजू वर घ्या. कंपासपेटीतल्या कर्कटकाने ओरखडा काढा. वरचं प्लास्टिक आणि फॉइल चिरलं पाहिजे, पुठ्ठा आरपार जाता कामा नये. इथे सगळं उलटं असतं. वरच्या पृष्ठभागावर नव्हे, खाचेत शाई भरायची, म्हणजे ओरखडा काळा येतो. फॉइल हलकेच कापून सोलली तर उघडा पडलेला पुठ्ठा शाई पितो आणि दाट, मऊ काळा देतो. खोक्यांच्या मूळ घड्याही रेषा म्हणून उमटतात, त्या चित्रात धरूनच चला. शाई तेलाचीच हवी. जुन्या टूथब्रशने चोळा, मग मलमलीचा तुकडा भाताच्या पेजेत बुडवून वाळवलेला, कडक झालेला, त्याने गोल गोल पुसा. मऊ कापड खाचेतली शाईही उचलून नेतं, कडक कापड वरच्यावर फिरतं. शेवटी वर्तमानपत्राचा कपटा हलक्या हाताने. आभाळाच्या जागी शाईचा थोडा मळकटपणा राहू द्या, पावसाळ्याचं चित्र असेल तर मुद्दाम.

कागद मात्र ओलसर पाहिजे, जाडसर कार्ट्रिज (चित्रकलेचा कागद) किंवा हातकागद. पाण्यातून काढून टॉवेलात दाबलेला, चकाकी गेलेला पण गार लागणारा. चमच्याने याची प्रिंट येते, पण फिकी. इथे खरा दाब लागतो. शेवया-नूडल्सची हाताने फिरवायची दोन रुळांची स्टीलची मशीन असते ना, ती मिळाली तर हाच तुमचा प्रेस. प्लेट, ओला कागद, वर फेल्टचा तुकडा, आणि रुळांतून सावकाश. रुंदी वीतभरही नसते, पण आपलं चित्र तरी कुठे मोठं आहे? सुरुवातीला मी एका रसवंतीवाल्याला पटवून उसाच्या चरकातून प्लेट काढली होती. चरकाच्या रुळांना दाते असतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. प्रिंटवर आडव्या पट्ट्या, प्लेटला चिकट रस, आणि मुंग्या दोन दिवस.

शाईच नको असेल तर तोही रस्ता आहे. शिल्पकार आणि प्रिंटमेकर सोमनाथ होर (१९२१–२००६) यांनी सत्तरच्या दशकात पांढऱ्यावर पांढरी चित्रं केली. माती किंवा मेणाच्या थरावर घाव घालायचे, त्याचा सिमेंटचा साचा घ्यायचा, त्यात कागदाचा लगदा दाबायचा. रंग नाही, फक्त कागदावरच्या जखमा. घरी इतकं होणार नाही, पण तुम्ही खानापूरच्या आहात, तुमच्याकडे कौलं आहेत. मंगळुरी कौलाच्या अंगावर कारखान्याची उठावाची अक्षरं असतात. जाड हातकागद दहा मिनिटं भिजवा, टिपून घ्या, कौलावर ठेवा आणि ओल्या स्पंजने अक्षरांच्या खाचाखोचांत बसवा. तिथेच वाळू द्या. सुकल्यावर सोडवला की वरच्या बाजूने अक्षरं सरळ वाचता येतात, खालच्या बाजूने उलटी. शिलालेखांचे ठसे घेणारे अभ्यासकही ओला कागद दगडावर ब्रशने ठोकूनच अक्षरांत बसवतात, आणि मग वरून पुरचुंडीने शाई देतात. म्हणून हलशीच्या जुन्या देवळात कागद घेऊन जाऊ नका, ते शिकलेल्या माणसाचं आणि परवानगीचं काम आहे. पडवीतलं कौल पुरे.

पावसाळ्याचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे कागद आपोआप ओलसर असतो, भिजवायची गरजच पडत नाही, पण तेलाची शाई आठवडा-आठवडा सुकत नाही. प्रिंटं एकावर एक रचू नका. दोरीवर चिमट्यांनी टांगा, चुलीच्या किंवा गॅसच्या खोलीत नको, धूर बसतो. ओले कागद प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवसांवर ठेवले की काळे ठिपके येतात, ती बुरशी, ते जात नाहीत. मी पावसाळ्यात प्लेटा कोरतो आणि दिवाळीनंतर छापतो.

प्रिंट जमली की खाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक लिहा, ३/८ म्हणजे आठांतली तिसरी, उजवीकडे सही. पेनने नको. क्रमांकापुरत्या खराब प्रिंटा भरू नका. आठ जमल्या नाहीत तर पाच लिहा.

मुलांचं. होय, पाचवीला मजेत जमतं, पण कर्कटक, कटर आणि ऑफसेटची शाई त्यांच्या हातात नको. खळ घातलेला पोस्टर कलर, पॅकिंगच्या थर्मोकोलचा सपाट तुकडा आणि रिकामं बॉलपेन. दाबून काढलेली रेघ पांढरी येते, हे त्यांना एकदा करून दाखवलं की पुरे. नावं लिहू दिलीत तर उलटी येतील, आणि सांगण्यापेक्षा ती येऊ द्यावीत. भेंडी, बटाटा त्यांनी बालवाडीत केलेला असतो, ते परत दिलं की चेहरे पडतात. त्याऐवजी प्रत्येकाला घरून एक सपाट वस्तू आणायला सांगा. माझ्या एका वर्गात कुणी तुटकी चप्पल आणली होती, कुणी गोणपाटाचा तुकडा, एकाने वडिलांच्या टेम्पोच्या चाकातलं रबर. सगळ्यात चांगली प्रिंट गोणपाटाची आली. वर्गाला दोन रोलर पुरतात. भांडणं होतात म्हणून मी एकदा तिसरा दिला, तर भांडणं तेवढीच राहिली आणि शाई दुप्पट गेली.